मधलं अक्षर कुणाचं?

मैत्रिणींनो, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिली असेल. २००१ साली ती अल्फा मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केलेली ही मालिका केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केली होती. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आबांची डायरी, शेखरचा साधेपणा, श्यामलाची दिवसभराची धावपळ, शलाका आणि शिऱ्या यांची भांडणं, असं ते आपल्याच चाळीतलं घर वाटायचं. अजूनही कुणी त्यांचं नाव काढलं की ओळखीच्या माणसांची आठवण निघाल्यासारखं होतं.

आज त्या घराचं एक साधं कोडं घालते. श्यामलाबाईंना बँकेत सही करायची आहे. त्या काय करतील? श्या. शे. टिपरे. शलाका कॉलेजच्या फॉर्मवर सही करील ती श. शे. टिपरे. शिऱ्याचीसुद्धा शि. शे. टिपरे. म्हणजे एका घरातल्या तीन माणसांच्या नावात मधे एकच अक्षर, ‘शे’. पण नीट बघा हं. दोघांच्या बाबतीत त्या ‘शे’चा अर्थ बाप असा आहे आणि तिसरीच्या बाबतीत नवरा. आणि शेखररावांचं मधलं अक्षर? ते अर्थातच ‘गं’, गंगाधरपंतांचं. त्या घरात चार मधली अक्षरं आपण मोजली आणि चारही पुरुषांची निघाली. सकाळी दूध तापवण्यापासून रात्री दार लावेपर्यंत ज्या बाईच्या जिवावर ते घर चालायचं, तिचा ‘श्या’ मात्र कुणाच्याच नावात नाही.

ही काही त्या मालिकेवर टीका नव्हे. मालिका लिहिणाऱ्यांनी आपल्याकडे आहे तेच दाखवलं. तुमच्या दारावरची पाटी, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक काढून बघा, हाच हिशेब निघेल.

परक्या मुलखातलं कोडं

युरोप-अमेरिकेत मधल्या अक्षराची गंमत निराळीच असते. तिथे ते अक्षर बापाचंच असेल असं नाही. आईवडील आवडीनं एखादं जादा नाव ठेवतात, कधी आजोबांचं, कधी मामाचं, कधी नुसतं कानाला गोड लागतं म्हणून. त्यामुळे नुसत्या अक्षरावरून काही कळत नाही आणि लोकांना उत्सुकता लागून राहते. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतल्या कप्तान जेम्स टी. कर्कचं उदाहरण घ्या. १९६६ मधल्या सुरुवातीच्या एका भागात त्याच्या नावाचा दगड दिसतो, त्यावर चक्क ‘जेम्स आर. कर्क’ असं कोरलेलं आहे. पुढे ‘आर’चा ‘टी’ झाला. आणि तो ‘टी’ म्हणजे ‘टायबेरियस’, रोमच्या एका बादशहाचं नाव, हे पडद्यावर कळलं ते १९७४ मध्ये, त्याच्या कार्टून मालिकेत.

दुसरा तो पिवळा, ढेरपोट्या होमर जे. सिम्पसन. पुष्कळ वर्षं त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपला ‘जे’ कशाचा. १९९८ मधल्या एका भागात त्याला उत्तर मिळतं. त्याला सोडून गेलेल्या त्याच्या आईनं पूर्वी एका भिंतीवर चित्र रंगवून ते मुलाला अर्पण केलेलं असतं. त्यावर नाव असतं ‘होमर जे सिम्पसन’. म्हणजे ‘जे’चा अर्थ निघाला नुसता ‘जे’च! हसू येतं खरं, पण मला त्यातलं दुसरंच काही लागलं. त्या मुलाच्या मधल्या अक्षराची किल्ली आईकडे होती.

खरोखरीच्या माणसांतही असा मासला आहे. अमेरिकेचे एक अध्यक्ष हॅरी एस. ट्रुमन. त्यांचा ‘एस’ कुठल्याच नावाचा नव्हता. एका आजोबांच्या नावात ‘शिप’ होतं, दुसऱ्यांचं नाव ‘सॉलोमन’. दोन्ही घरं खूश राहावीत म्हणून नुसतं ‘एस’ ठेवून दिलं. सासर-माहेरचं तडजोडीचं शहाणपण फक्त आपल्यालाच येतं असं नाही, हे एक बरं झालं!

आपल्याकडे कोडं नाही

आपल्याकडे मात्र या अक्षरात गूढ काही नाही. ‘सुनील मनोहर गावसकर’ म्हटलं की मनोहर कोण हे विचारावं लागत नाही. ‘सचिन रमेश तेंडुलकर’ म्हटलं की रमेश हे वडील, आणि त्याच्या मुलाला ‘अर्जुन सचिन’ म्हणायचं. पु. ल. देशपांड्यांचा ‘ल’ लक्ष्मणरावांचा, व. पु. काळ्यांचा ‘पु’ पुरुषोत्तमरावांचा. शांता शेळके यांच्या नावातला ‘ज’ जनार्दनरावांचा. आजोबा, वडील, मुलगा अशी ती साखळी एकेक कडीनं पुढे जाते. पद्धत सोयीची आहे, यात शंका नाही. गावात एका नावाचे चार ‘संतोष’ असले तरी मधल्या नावानं ताबडतोब ओळख पटते. आडनाव भावकीत सगळ्यांचं एकच असतं, घर कुठलं हे मधलं नावच सांगतं.

पण ही साखळी मुलाच्या बाबतीत सरळ जाते. मुलीची कडी मात्र लग्नात निखळते आणि दुसऱ्या साखळीत बसवली जाते. मुलाचं मधलं अक्षर त्याला जन्मभर पुरतं. आपल्याला दोन लागतात. एक बाराखडी माहेरची आणि एक सासरची. कित्येक घरांत तर लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, तेव्हा पहिलं अक्षरही बदलतं. मग नाव, मधलं नाव, आडनाव यांपैकी काहीच जुनं उरत नाही. काल ‘मंगल बबन’ असलेली मुलगी आज ‘सुनीता दत्तात्रय’ होते, आणि तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावरची बाई कोण होती, हे पुढे तिलाच सिद्ध करत बसावं लागतं.

आणखी एक मौज बघा. ज्या नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही असा आपल्या आज्यांचा दंडक, ज्या नावासाठी बायकांनी एवढे उखाणे रचले, तेच नाव प्रत्येक कागदावर मात्र आपल्या नावाच्या पोटात लिहायचं. तोंडानं घेतलं तर उद्धटपणा आणि कागदावर घेतलं नाही तर अर्ज परत! आमच्या आजेसासूबाईंच्या पिढीला अंगठ्याचा ठसाच पुरत होता, म्हणून हा पेच त्यांना पडला नाही. लिहिता यायला लागलेल्या बायकांना तो पडला.

राधिकाचा ‘गु’ आणि पुढे

हे मधलं अक्षर किती जड होऊ शकतं ते अलीकडच्या दोन मालिकांनी घराघरांत दाखवलं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ अशी साडेचार वर्षं झी मराठीवर चालली. त्यातली नागपूरकडची राधिका गुरुनाथ सुभेदार, म्हणजे अनिता दाते, तुम्हाला आठवत असेलच. नवरा दुसरीच्या नादी लागला, तरी तिच्या प्रत्येक कागदावर मधे गुरुनाथच. मसाल्याचा धंदा तिनं उभा केला, माणसं तिनं जोडली, आणि नाव सांगायची वेळ आली की आधी ज्यानं फसवलं त्याची ओळख द्यायची. धंद्यावर मात्र तिचं एकटीचं नाव होतं, ‘राधिका मसाले’. तिथे मधलं अक्षर नाही आणि आडनावही नाही. लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं की सहज झालं, ते जाऊ द्या. बघणाऱ्या बायकांच्या मनात मात्र ते बरोबर उतरलं.

तसंच ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीचं. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका २०२४ अखेर संपली. पंचवीस वर्षं अनिरुद्ध देशमुखांच्या घरात राबलेली ही बाई घटस्फोटानंतर त्या घराबाहेर पडते, पुढे आशुतोष केळकरांशी लग्न करते. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आपण हे बघितलं आणि पदरानं डोळे टिपले. पण एवढं करून मनात प्रश्न आला का, की तिच्या बँकेच्या पासबुकाचं काय झालं? पॅनकार्डाचं? मालिकेत हे दाखवत नाहीत, कारण त्यात नाट्य नाही. खऱ्या आयुष्यात मात्र बाईचे जोडे तिथेच झिजतात.

पौडच्या रस्त्यावरून

मी घोटावड्याला राहते, एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पुण्याहून पौडकडे निघालात की पिरंगुटच्या पुढे घोटावडे फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. दुसऱ्या अंगानं माण-हिंजवडीहूनही रस्ता येतो. हा सगळा भाताचा पट्टा. आंबेमोहोर आणि इंद्रायणी म्हटलं की मुळशीचं नाव निघतं. पण हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि पिरंगुटला कारखाने वाढले, तसा इथल्या वावरांचा भाव वाढला. जिथे पूर्वी वर्षाचे तांदूळ निघत, तिथे आता प्लॉटच्या पाट्या आहेत.

आणि जमिनीला भाव आला की गावोगावच्या लेकींना माहेरून बोलावणी येऊ लागतात. एरवी दिवाळीला साडीचोळी, आता एकदम गाडी पाठवतात. ‘ताई, फक्त सही करायला ये.’ ती सही असते हक्कसोडपत्रावर.

आमच्या ओळखीतल्या एक बाई अशाच गेल्या. वडील वारल्यावर सातबारावर भावांची नावं लागली, बहिणीचंही लागलं, पण माहेरच्या नावानं. नाव आणि मधे वडील. त्यांच्या आधारवर मधे नवरा, पहिलं नावही सासरचं. त्या सही करायला तयार नव्हत्या. त्यांना आपला वाटा हवा होता, मुलीच्या शिक्षणासाठी. तर पहिला प्रश्न असा आला की सातबारावरची ती बाई म्हणजे तुम्हीच कशावरून? लग्नाची नोंद केलेली नव्हती. शाळेचा दाखला चौथीपर्यंतचा, तो कुठे तरी गहाळ. सहा-आठ महिने त्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडल्या. कुणी वाईट वागलं असं नाही. पण त्यांचं म्हणणं एकच होतं, ‘आईबापाला मी माहीत, नवऱ्याला मी माहीत, सगळ्या गावाला मी माहीत. फक्त कागदाला मी माहीत नाही!’

शेवटी शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा मिळाला, प्रतिज्ञापत्र झालं आणि काम मार्गी लागलं. पण त्या आठ महिन्यांत त्यांना ‘सही करून मोकळी हो’ असा सल्ला देणारी माणसं कमी नव्हती. कित्येकजणी कंटाळून तेच करतात. वाटा नको असतो म्हणून नव्हे, खेटे घालून जीव विटतो म्हणून.

कायदा तर आपल्या बाजूचा आहे. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क, हे महाराष्ट्रानं १९९४ मध्येच ठरवलं. सबंध देशासाठी तसा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून झाला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्क असा स्वच्छ आहे. अडतं ते मधल्या अक्षरावर.

आईचं नाव मधे

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं आता अशी लिहायची: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. जन्मनोंद, शाळेचा प्रवेश, परीक्षांची प्रमाणपत्रं, महसुली कागद, रेशनकार्ड, या सगळ्यांवर. आधी आईचं नाव असायचं, पण वेगळ्या रकान्यात, पाहुण्यासारखं. आता ते नावाच्या ओळीत येऊन बसलं. त्या वर्षीच्या ५ डिसेंबरला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताना देवेंद्र फडणवीसांनी ‘देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस’ असं नाव घेतलं, ते पुष्कळांनी टीव्हीवर ऐकलं.

म्हणजे टिपऱ्यांच्या घरात आता नातू जन्मला, तर त्याच्या नावात पहिल्यांदाच आईचं अक्षर येईल. श्यामलाबाईंना केवढं बरं वाटेल!

काही जण म्हणतात, हे काय नवं खूळ? खूळ नाही आणि नवंही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊन या. तिथे सातवाहन राजांच्या काळातला मोठा शिलालेख आहे. राजाचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या मुलाचं नाव वासिष्ठीपुत्र पुळुमावी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या मराठी मुलखातले राजे आईच्या नावानं ओळखले जात, आणि तो लेख कोरून घेणारीही राजाची आईच, गौतमी बलश्री. अभ्यासक सांगतात की गौतमी, वासिष्ठी ही नावं त्या राण्यांच्या माहेरच्या गोत्रांवरून आलेली आहेत. म्हणजे सासरी राणी झाली तरी बाईचं माहेर पुसलं गेलेलं नव्हतं, उलट मुलाच्या नावात जाऊन बसलं होतं.

आणि आजच्या काळात बघायचं तर सिनेमावाले संजय लीला भन्साळी. मधली लीला म्हणजे त्यांची आई. साड्यांना फॉल लावून तिनं घर चालवलं. मुलानं तिचं नाव आपल्या नावाच्या मधे घातलं. त्यासाठी कुठल्या सरकारी निर्णयाची वाट बघितली नाही.

पण मैत्रिणींनो, या निर्णयातली एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही आणि ती आपल्याशी थेट निगडित आहे. मुलांच्या नावात आई आली, पण विवाहित बाईच्या स्वतःच्या नावाची पद्धत आहे तीच ठेवली, म्हणजे तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मात्र त्याच निर्णयात असंही म्हटलं आहे की मिळकतीच्या कागदांवर बाईला लग्नापूर्वीच्या नावानं नोंद करता येईल. आमच्या त्या ओळखीच्या बाईंसारख्यांना हे वाक्य मोलाचं आहे. ते लक्षात ठेवा.

नाव बदलावंच लागतं का?

हा प्रश्न मला शाळेत मुलींच्या आया हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा आपल्या देशात कुठलाही कायदा नाही. तो रिवाज आहे. पॅनकार्डावर तर लग्नानंतरही वडिलांचंच नाव राहतं, नवऱ्याचं येतच नाही. पासपोर्टसाठीही लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही. म्हणजे बघा, एकाच बाईच्या पाकिटातल्या एका कार्डावर बाप आणि दुसऱ्यावर नवरा, आणि दोन्ही सरकारमान्य!

मी कुणाला ‘नाव बदलू नका’ असं सांगत नाही. ज्यांना सासरचं नाव मनापासून आवडतं, त्यांनी ते खुशाल लावावं. मीही लावते. नवऱ्याचं नाव आपल्या नावाशेजारी असण्यात कित्येकींना आधार वाटतो, प्रेम वाटतं, ते खोटं कसं म्हणायचं? माझं म्हणणं एवढंच की ते आपण निवडलेलं असावं आणि कागदांवर त्याचा नीट माग असावा. प्रेमातल्या माणसाचं नाव मधे असणं वेगळं. टाकून दिलेल्या बाईला वर्षानुवर्षं त्याच माणसाचं नाव सांगत फिरावं लागणं वेगळं. ज्या आईनं एकटीनं मूल वाढवलं तिच्या मुलाला ‘बापाचं नाव काय’ म्हणून वर्गासमोर उभं करणं तर फारच वेगळं. अविवाहित आईला वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती न करता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. कायदा पुढे गेला. आपल्या जिभांनीही थोडं पुढे जायला हवं.

घरच्या घरी करायच्या गोष्टी

आता कामाचं बोलू. वाळवणं घालतो, मसाले करून ठेवतो, तशी ही बेगमीही वेळेवर करावी.

पहिलं म्हणजे लग्नाची नोंद. पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेत ती करून प्रमाणपत्र घ्यावं. लग्नाला वीस वर्षं झाली असतील तरी करता येते. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच कागदावर आणणारा हा पूल आहे. लेकीचं लग्न ठरलं की दागिन्यांच्या यादीइतकंच हे काम महत्त्वाचं समजा.

दुसरं, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला. माहेरी ट्रंकेत असेल तर या खेपेला जाल तेव्हा घेऊन या. हरवला असेल तर शाळेत अर्ज करून दुसरी प्रत मागवा. शाळेचं रजिस्टर जुनं असतं, पण त्यात तुमचं जन्माचं नाव वडिलांसकट लिहिलेलं असतं.

तिसरं, पहिलं नावही बदललेलं असेल तर ते राजपत्रात प्रसिद्ध करून घेणं चांगलं. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण विभागाकडे त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. त्या राजपत्राच्या दोन-चार प्रती जपून ठेवा.

चौथं, आधारकार्डावरचं नाव घाईनं बदलू नका. ते साधारणपणे दोनदाच बदलता येतं. बँकेत, रेशनकार्डावर आणि इतरत्र कुठलं नाव ठेवायचं ते आधी ठरवा, मग आधार तसं करा, आणि मग बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. मधल्या नावाचं स्पेलिंगसुद्धा सगळीकडे एकच हवं. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ आपल्या लेखी एकच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे नवरे आहेत!

पाचवं, माहेरच्या सातबाराचा उतारा अधूनमधून बघत जा. तो आता फोनवर महाभूलेखच्या साइटवर दिसतो. वारसनोंद झाली असेल तर आपलं नाव आहे का, कसं आहे, ते पाहा. पूर्वीच्या तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफाराची नोटीस आली तर ती कपाटावर टाकून देऊ नका. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. आणि हक्कसोडपत्रावर सही करायची असेल तर वाचून, समजून, स्वखुशीनं करा. भावावर माया असणं चांगलंच. पण मायेनं सोडलेला हक्क आणि नाव जुळत नाही म्हणून सुटलेला हक्क, यांत फरक आहे.

सहावं, सासरच्या घराचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, नवऱ्यानं आपण होऊन बायकोचं नाव जमिनीला लावावं म्हणून. १९९२ मध्ये सरकारनंही तशी नोंद करण्याची सोय केली. २००३ मध्ये ‘घर दोघांचे’ असा निर्णय झाला, ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायची. तुमच्या घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का? मिळकतीच्या नोंदीत एक स्वतंत्र ओळ आपली असली, तर मधल्या अक्षराची फारशी काळजी उरत नाही.

सातवं, मुलांचं. दहावीच्या आधी शाळेत ‘प्री-लिस्ट’ येते, नावं तपासायला. त्यावर आईचं नाव असतं. तिथे आई कुठल्या नावानं जाणार ते ठरवा. आमच्याकडे दरवर्षी असा गोंधळ होतो. पोराच्या कागदावर आईचं सासरचं नाव, धाकटीच्या कागदावर घरातलं हाक मारायचं नाव, आणि आईच्या आधारवर तिसरंच. एका पोटची दोन मुलं, पण कागदावर त्यांना दोन आया! आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा मुख्य पुरावा झाला आहे. तेव्हा घरात बाळ आलं असेल तर त्या दाखल्यातली दोन्ही नावं काना-मात्रेसकट तपासून घ्या.

आठवीच्या मुली

वर्गात मी एक छोटा उपक्रम घेते. मुलामुलींना आपलं नाव लिहायला सांगते, मधे आईचं नाव घालून. पहिल्यांदा खुसखुस होते. मग एकेकजण लिहू लागतं. गेल्या वर्षी एका मुलीनं हात वर करून विचारलं, ‘बाई, आईचं कुठलं नाव लिहू? माहेरचं का आत्ताचं?’ दुसरी म्हणाली, ‘माझ्या आईचं माहेरचं नाव मला माहीतच नाही.’ तिनं दुसऱ्या दिवशी घरी विचारून आणलं. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. आईला विचारल्यावर आई आधी लाजली आणि मग तासभर माहेरच्या गोष्टी सांगत बसली, असं ती म्हणाली. हाच माझ्या तासाचा खरा फायदा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला प्रथमच कळलं की आपल्या आधीही आई कुणी तरी होती. तिलाही एक मधलं अक्षर होतं. त्या अक्षराच्या मागे एक अंगण होतं, बाप होता, शाळेची वाट होती.

मुलग्यांनाही मी हेच करायला लावते. उद्या ते नवरे होतील. बायकोचं नाव ताटातल्या तांदळात बदलण्याआधी तिला विचारावं, एवढं जरी त्यातल्या चार जणांना सुचलं तरी पुष्कळ झालं.

एक काम आजच करा. जेवणं आटोपली की घरातली सगळी कार्डं आणि दाखले टेबलावर पसरा. कुठल्या कागदावर तुम्ही कोण आहात ते एका वहीत ओळीनं लिहून काढा: आधार, पॅन, बँक, रेशन, मतदार यादी, मुलांचे दाखले, माहेरचा सातबारा. जिथे नाव जुळत नाही तिथे खूण करा. मुलगी जवळ असेल तर तिच्याकडूनच लिहून घ्या, म्हणजे तिलाही कळेल. आणि वहीच्या पहिल्या पानावर तुमचं जन्माचं नाव पूर्ण लिहून ठेवा, वडिलांचं आणि आईचं नाव मधे घालून. अर्जात ते लागो वा न लागो, घरातल्या सगळ्यांना ते माहीत असलं पाहिजे.